एक सही कमी

मुलगी गेल्याला सोळा दिवस झाले, तेव्हा वायरमनने तळमजल्यावरच्या नर्सबाईंची वीज तोडली. चोरून नाही, भर सकाळी. स्टूल घेऊन तो जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपाशी गेला, वायर कापली, उरलेल्या टोकाला नीट टेप गुंडाळली आणि पक्कड खिशात घालून कामावर निघून गेला. जिन्यात चार-पाच माणसं होती. कुणी हूं की चूं केलं नाही. एक जण तेवढा म्हणाला, "बरं केलं," आणि तेही कुजबुजत.

वायरमनची बहीण दुसऱ्या मजल्याच्या कठड्याआडून हे बघत होती. तिला सगळी इमारत भागूबाई म्हणायची. ते काही तिचं नाव नव्हतं. लहानपणी कुत्रं भुंकलं की ती भावाच्या पाठीमागे लपायची, म्हणून त्यानं तिला 'भित्री भागूबाई' असं चिडवलं आणि ते जे चिकटलं ते चाळिशी उलटली तरी निघालं नाही. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा वारला, सासरच्यांनी दार लावून घेतलं आणि भाऊ तिला आपल्या घरी घेऊन आला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत तिनं भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं, की वहिनीला कधी आज मीठ कमी पडलंय म्हणून सांगितलं नव्हतं. शर्टांच्या कारखान्यातून काज-बटणाचं काम ती घरी आणायची आणि दिवसभर खिडकीखाली मान खाली घालून बसायची. दारात अनोळखी माणूस आला तर उठून आत जायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, भागूच्या पाठी तर त्याचं अख्खं कुटुंब होतं.

तिची भीती फक्त एका माणसासमोर पळायची. ती म्हणजे भावाची सात वर्षांची मुलगी. एका जागी उभी राहून ती कधी एक वाक्य पुरं बोलली नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भिंगरी आत्याच्या शेजारी झोपायची, आत्याच्या हातून वेणी घालून घ्यायची आणि आत्याच्या तुटक्या गुंड्या वर्गात नेऊन दगडांशी बदलून आणायची.

नर्सबाईंचा मुलगा बेकरीची गाडी चालवायचा. त्या शनिवारी दुपारी तो अंगणात गाडी मागे घेत होता आणि फोन त्याच्या कानाला होता. भिंगरी मागून पळत आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा पळून गेला नाही. पोलीस आले तेव्हा तो चाकापाशी मातीत बसून होता. तो कोठडीत गेला आणि त्याची आई खालच्या खोलीत एकटी राहिली.

नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. इमारतीतल्या निम्म्या मुलांची नाळ त्यांनीच कापली होती, भिंगरीचीसुद्धा. भिंगरीला बाहुलीच्या पायाला बांधायला गॉझच्या पट्ट्या लागत आणि नर्सबाई त्या कापून देत. आता नेमक्या त्या पट्ट्याच नडल्या.

पहिले काही दिवस वहिनी एकच वाक्य बोलत होती. "मी जरा पडले होते. दार लोटलेलं होतं. ती खाली गेलीच कशी?" शेजारच्या बायका सांत्वनाला येऊन बसायच्या आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलायच्या. त्यांतली एक म्हणाली, "पट्ट्या आणायला गेली असेल." दुसरी म्हणाली, "त्या बाईनंच हाक मारली असणार." आठवडाभरात त्यातलं 'असणार' गळून पडलं. नर्सबाईनं पोरीला हाक मारून खाली बोलावलं आणि तिच्या पोरानं गाडी घातली, असं सगळ्यांनी जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखं ठरून गेलं. नळावर नर्सबाईंची बादली सगळ्यात शेवटी लागू लागली. मग कुणीतरी ती लाथेनं उलटी केली. मग वीज गेली.

हाक कुणी मारलीच नव्हती, आणि ही गोष्ट एकट्या भागूला माहीत होती. भिंगरीला तिनं पाठवलं होतं.

त्या दिवशी पाच वाजता कारखान्याचा माणूस शर्ट न्यायला येणार होता. अकरा शर्ट बाकी असताना पांढरा दोरा संपला. दुकान अंगण ओलांडून समोरच होतं, पण दुकानाच्या पायरीवर एक तपकिरी कुत्रा बसायचा. भागू दारापर्यंत गेली, कठड्यावरून वाकून पाहिलं, कुत्रा होता. ती परत फिरली आणि भिंगरीला म्हणाली, "माझं एक काम करशील?"

झालं ते एवढंच. पण दादा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आला तेव्हा तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि ती उठून आत गेली. नंतर सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. एकेक दिवस गेला तसं सांगणं जड होत गेलं. आता तर त्या न बोलण्यावर सगळ्या इमारतीनं दुसरीच गोष्ट रचून ठेवली होती.

ती रोज सकाळी मोरीपाशी उभी राहून हात जोडायची, लहानपणापासूनची सवय. तिची प्रार्थना एका ओळीची होती: देवा, मला सांभाळ. त्या शनिवारनंतर ती हात जोडायची पण डोळे मिटायची नाही. डोळे मिटले की समोर कुणीतरी उभं राहून आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

बुधवारी इमारतीचे सेक्रेटरी घरी आले. निवृत्त पोस्टमास्तर, वहीत पट्टी ठेवून रेघा मारणारा माणूस. त्यांनी घरमालकाला द्यायचा अर्ज लिहून आणला होता. चष्मा पुसून त्यांनी तो वाचून दाखवला. 'सदर बाईने मुलीस हाक मारून अंगणात बोलावल्यामुळे सदर दुर्घटना घडली असून, तिचे येथील वास्तव्य आम्हा सर्व रहिवाशांस असह्य झाले आहे. तरी तिची खोली रिकामी करून घ्यावी.' खाली सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या हव्या होत्या. दादानं केली. वहिनीनं केली, पेन इतकं दाबून की कागद फाटला.

"आणि ताई?" सेक्रेटरींनी विचारलं.

"माझ्या हातात सुई आहे," भागू म्हणाली. "हे एवढं काज होऊ दे."

दादानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "रविवारी गच्चीवर सगळ्यांसमोर करेल. त्या बाईलाही कळू दे, एकूण एक माणूस आहे म्हणून. भागूबाई कुठं पळून जातेय?"

गुरुवारी दुपारी वहिनीचा डोळा लागला तेव्हा भागू खाली गेली. नर्सबाईंच्या दारावर टकटक करायला तिला तीनदा हात उचलावा लागला.

आत दिवसासुद्धा अंधार होता. फिनेलचा आणि जुन्या औषधांचा वास. भिंतीवरच्या खिळ्याला बाळांना तोलायचा ताणकाटा लटकत होता. नर्सबाई खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. तेवढ्याच जागी उजेड होता.

"बस," त्या म्हणाल्या. "कुणी बघितलं नाही ना तुला?"

भागू बसली नाही. दाराला पाठ लावून म्हणाली, "बाई, मी पाठवलं होतं तिला. दोरा आणायला."

"माहीत आहे मला."

भागूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तिच्या मुठीत रीळ होतं," नर्सबाई म्हणाल्या. "सगळ्यात आधी मी पोचले तिच्यापाशी. नाडी बघायला हात धरला तर मुठीत रीळ. मी काढून घेतलं."

"का?"

"तुझा भाऊ जिन्यावरून कसा धावत आला ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. त्याला त्या क्षणी कुणीतरी हवं होतं धरायला. माझा मुलगा होताच समोर, आणि तो चुकलेलाच होता. तुलाही कशाला द्यायचं त्याच्या तावडीत?"

"पण आता सगळं तुमच्यावर आलं."

"आलं." त्यांनी मांडीवरचा पदर नीट केला. "लांबची एक बहीण आहे. ठेवेल थोडे दिवस. तू वर जा. सही करून टाक आणि मोकळी हो. तुला दुसरं छप्पर नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि भागूला तेच सोसेना. त्या ओरडल्या असत्या तर ती रडून परत गेली असती.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटते की! चाळीस वर्षं बाळंतपणं केली. मूल आडवं आलं की दर वेळी देवाला सांगायचे, घाबरलेय मी. आणि हात धुवायला जायचे. तो भीती काढून घेईल म्हणून वाट बघत बसले असते तर किती जणी गेल्या असत्या. त्यानं ती कधी काढून घेतली नाही. पण हात धुताना तो शेजारी आहे असं वाटायचं. तेवढ्यावर निभावलं."

शुक्रवारी सकाळी भागू मोरीपाशी उभी राहिली. हात जोडले. डोळे मिटवेनात, तरी मिटले. समोर बघणारा कुणीतरी होताच. ती नेहमीची ओळ म्हणायला गेली आणि अडली. मला सांभाळ म्हणजे काय, तर मला कुणी काही बोलू नये, मला कुणी काढू नये, माझी पोळलेली जागा झाकलेली राहावी. इतकी वर्षं ती देवाकडे दार मागत होती, कडी आतून लावायला. ती पुटपुटली, "मी घाबरलेय. फार घाबरलेय. रविवारी मी बोलणार आहे. मला वाचवलं नाहीस तरी चालेल. तू फक्त ये तिथं."

काहीच झालं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी भांडं आपटलं. तिनं तोंड धुतलं आणि चहा ठेवला. मात्र त्या बघणाऱ्याकडे पाठ करावी असं पहिल्यांदाच तिला वाटलं नाही.

रविवारी दहा वाजता गच्चीवर चाळीसेक माणसं जमली. आभाळ राखाडी होतं, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून लोक उभे राहिले होते. टाकीच्या कठड्यावर अर्ज ठेवून सेक्रेटरी एकेकाला बोलावत होते. सह्या करताना कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. नर्सबाईंना बोलावलेलंच नव्हतं.

"भागूबाई, या."

ती गेली. पेन हातात घेतलं. तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही.

"काय म्हणताय?" सेक्रेटरी म्हणाले.

"हे खरं नाही."

"मोठ्यानं बोला की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हे खरं नाही," ती म्हणाली, आणि या वेळी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. "नर्सबाईंनी हाक मारली नाही. मी पाठवलं होतं भिंगरीला. माझं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं होतं. मीच जायला हवं होतं, पण पायरीवर कुत्रा होता, म्हणून मी तिला पाठवलं. नर्सबाईंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

मग सगळे एकदम बोलू लागले. आत्ता सुचलं होय! त्या म्हातारीनं पढवलं असेल. अगं, स्वतःच्या भावाच्या तोंडाला काळं फासतेस! जी बाई दर दुपारी भागूशेजारी गहू निवडायला बसायची, ती चार पावलं मागे सरकली. भागू टाकीपाशी एकटीच उरली. तिच्या भोवती मोकळी जागा पडली होती, जशी सांडलेल्या तेलाभोवती पडते.

वहिनी पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"रीळ?" ती म्हणाली. "एका रिळासाठी?"

"हो, वहिनी."

वहिनीनं हात उचलला, तो तसाच हवेत राहिला आणि खाली पडला. ती जिन्याकडे चालू लागली.

दादा जागचा हलला नव्हता. लोक त्याच्याकडे वळले, तो काय करतो ते बघायला. तो हळू आवाजात बोलला. त्या आवाजाची भागूला ओळख नव्हती.

"तीन आठवडे. तीन आठवडे तू माझ्या ताटात वाढत होतीस."

तोही जिना उतरून गेला.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तुम्ही सही करणार आहात की नाही, तेवढं सांगा."

"नाही."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. दयाळू म्हणून त्यांची ख्याती नव्हती, पण खोटा ठरलेला मजकूर सहीशिक्क्यानिशी पाठवणं पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला जमेना. त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातला. तो अर्ज कधीच गेला नाही. पण म्हणून कुणी खाली जाऊन नर्सबाईंची माफी मागितली, असंही झालं नाही. बादली उलटवणं थांबलं, एवढंच.

दुपारी भागूची पत्र्याची पेटी आणि शर्टांचं गाठोडं दाराबाहेर ठेवलेलं होतं. पेटीला कुलूप नीट लावलेलं, गाठोड्याची गाठ मारलेली. कुणी फेकलेलं नव्हतं. दार मात्र बंद होतं. ती अर्धा तास पायरीवर बसून राहिली, कदाचित उघडेल म्हणून. मग एकेक करून सामान खाली उतरवलं. नर्सबाईंनी दार उघडलं, पेटीकडे पाहिलं आणि स्वतःची खाट भिंतीकडे सरकवली.

पुढचे महिने चांगले गेले असं म्हणता येणार नाही. वीज कंपनीचा माणूस येऊन वायर जोडून जायला दुसरा महिना उजाडला. तोवर भागू खिडकीतल्या उजेडापुरती काजं करायची आणि अंधार पडला की सुई ठेवायची. पोलीस ठाण्यात जाऊन तिनं जबाब लिहून दिला, एकटीनं. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "हे सांगायची काय गरज होती बाई? यानं खटल्यात काही फरक पडत नाही." पडलाही नाही. नर्सबाईंच्या मुलानं गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली, ती व्हायचीच होती. त्या दिवशी नर्सबाई घरी येऊन ताणकाटा पुसत बसल्या, पुसलेलाच पुन्हा पुसत.

दोरा आणायला आता भागूच जायची. कुत्रा असायचा. भुंकायचा. ती मनात म्हणायची, घाबरलेय, आणि पायरी चढायची. धीट झाली असं काही नाही. जिन्यात दादाची पावलं ओळखू आली की आजही तिच्या हातातली सुई थांबायची. तो दारावरून जायचा, मान न वळवता. पण भीती वाटली म्हणून आत जाऊन लपणं तिनं सोडलं होतं. दार उघडं ठेवून ती उंबऱ्याशीच बसायची, ज्याला बघायचंय त्यानं बघावं. रात्री भिंगरीसाठी छाती फुटायची तेव्हा नर्सबाई पलीकडून तिच्या पाठीवर हात ठेवायच्या. देव कुठं असतो असं तेव्हा तिला कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. पण तो नाही असं तिला वाटत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी दारात सावली पडली. भागूनं मान वर केली. वहिनी उभी होती. केस नीट विंचरलेले नव्हते, अंग निम्मं झालं होतं. नर्सबाई उठल्या आणि कळशी घेऊन नळावर निघून गेल्या.

वहिनी आत आली नाही. उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर बसली.

"दादाला माहीत आहे?" भागूनं विचारलं.

"निघाले तेव्हा ते बघत होते. अडवलं नाही." तिनं उंबऱ्यावरची दोऱ्याची कातरण बोटानं बाजूला केली. "मी तुला माफ करायला आले नाही."

"मी मागितलीही नाही, वहिनी."

"मी झोपले होते," वहिनी म्हणाली. "ती उठून गेली तेव्हा मी झोपले होते. शेवटचं तूच पाहिलंस तिला. तुझ्याशिवाय हे मला कुणी सांगू शकत नाही. जाताना काय म्हणाली ती?"

भागूनं सुई शर्टात खोचली. हे रडत सांगायचं नव्हतं, नीट सांगायचं होतं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.

"तुमच्या चपला घालून गेली," ती म्हणाली. "मी म्हटलं, पडशील. तर म्हणाली, आईच्या चपलेत पाय पडत नाहीत, मोठे होतात."

वहिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, कळलं नाही.

"असं म्हणाली?"

"हो. मग दारातून परत आली."

"का?"

"तुमच्या अंगावरची चादर सरकली होती. ती घातली."

वहिनीनं पदर तोंडात धरला. बाहेर नळाखाली कळशी भरून वाहत होती आणि नर्सबाई ती उचलत नव्हत्या.

"पुढे सांग," वहिनी म्हणाली.